मेलिआमे आईचं शेवटचं तोंड

शनिवारी चर्चमध्ये आमच्या आईची हकिगत वाचली तेव्हा मी आत नव्हते. बाहेर मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, अंगाला धुराचा वास, कमरेला फाटकी चटई, आणि आतलं निम्मंच ऐकू येत होतं. तो कागद मग लिसिआतेच्या बायकोनं मला आणून दिला. चांगला लिहिलाय. पाळकांनी लिहिलाय म्हटल्यावर चांगलाच असणार. मेलिआमे, जन्म कधी, बाप्तिस्मा कधी, लग्न कधी, नवरा समुद्रात गेला ते साल, बायकांच्या प्रार्थनेला एकतीस वर्षं, गाणाऱ्यांत खालचा सूर. आणि त्याखाली, अपत्य एक, लिसिआते. माझं नाव आहे, नाही असं नाही. खाली भाचरांच्या रांगेत, सहावं, फाने.

म्हणून मी लिहितेय. गावच्या ग्रुपवर टाकणार आहे. ऑकलंडला, सिडनीला जे आपले आहेत, ज्यांना मयताला येता आलं नाही, त्यांनी वाचावं. तुमच्यातल्या निम्म्यांना तरी तिनं जेवू घातलंय.

मी केपूची मुलगी. केपू म्हणजे मेलिआमेचा धाकटा भाऊ. मला जन्म देऊन चौथ्या दिवशी माझी जन्मदाती गेली. केपू चोवीस वर्षांचा होता, त्याला स्वतःची चूल धड पेटवता येत नव्हती. मेलिआमे चालत त्याच्या घरी गेली, लिसिआते काखेत, दोन महिन्यांचा. म्हणाली, "दे इकडे." एवढंच म्हणाली. त्यानं दिलं. एका बाजूला तो, एका बाजूला मी, असं तिनं आम्हाला पाजलं. लिसिआते थोराड आणि मी काडी. ती सांगायची, "हा हावरट आपली बाजू संपवून तुझ्या बाजूला तोंड न्यायचा. मी कानाला टिचकी मारायचे. तेव्हापासून त्याला ऐकू कमी येतं बघ."

मला समज आली तेव्हापासून ती आई आणि केपू मामा. ती खरी आत्या आणि तो खरा बाप हे गावाला ठाऊक होतं, पण तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. आपल्यात भाचरानं मामाचं काहीही उचललं तरी मामा हसतो. मी दहा वर्षांची असताना केपूमामाच्या दारातलं पांढरं डुकराचं पिल्लू दोरी बांधून ओढत घरी आणलं, त्याच्या डोळ्यांदेखत. तो हसला. शेजारचे हसले. आई हसली नाही. म्हणाली, "नेऊन दे परत."

"का? मामाचंच तर आहे."

"नेऊन दे म्हणते ना, फाने."

मी रडत नेऊन दिलं. ती का रागावली ते मला कळायला तीस वर्षं लागली.

कागदात लिहिलंय की ती दयाळू होती. हा शब्द सगळ्याच मेलेल्या बायकांना लावतात, त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही. ती कशी होती ते मी सांगते. माझे शाळेचे बूट तिनं एकदा दुसऱ्याच्या पोरीला देऊन टाकले, त्या पोरीच्या पायाला जखम होती म्हणून. मी दोन आठवडे चपला घालून गेले आणि शाळेत मार खाल्ला. घरी येऊन सांगितलं तर म्हणते, "कुठं मारलं? दाखव." मी दाखवलं. तिनं तिथं खोबरेल लावलं. बूट काही आणले नाहीत. अशी दया. घरातल्या माणसाला ती दया परवडायची नाही, पण बाहेरच्याला ती कधी कमी पडली नाही.

मी सव्वीस वर्षांची असताना नवऱ्याकडून परत आले, एक पिशवी घेऊन. गाव दारादारात उभं राहून बघत होतं. आईनं विचारलं नाही काय झालं. पिशवी घेतली आणि म्हणाली, "बरं झालं आलीस, पानं भिजत घालायचीत, माझी कंबर धरलीय." त्या दुपारी आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून चटईसाठीच्या केवड्याच्या पानांच्या जुड्यांवर दगड ठेवत होतो आणि मी पाण्यात रडून घेतलं. ती दगड देत राहिली. आजपर्यंत तिनं मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आजपर्यंत म्हणते मी अजून.

चटया तिच्यासारख्या आमच्या बाजूला कुणी विणत नव्हतं. प्रत्येक बाई आपल्या मरणासाठी एक बारीक विणीची चटई करून गादीखाली ठेवते, तशी तिनंही केली होती, दोन वर्षं लागली होती. ती तिनं सितालेकीच्या आजीला दिली.

सितालेकी तुम्हाला माहीत आहे, मानेपर्यंत गोंदलेला. तीन वर्षांचा असताना त्याला अमेरिकेला नेला, तिथंच वाढला, तिथंच मारामाऱ्या करून तुरुंगात गेला, आणि चौतिसाव्या वर्षी त्याला विमानात घालून इकडं पाठवून दिला. आजीशिवाय इथं कोणी नाही, भाषा तीन वर्षांच्या पोराची. सगळ्यांना अरेतुरे. पाळकांना म्हणाला, "पाळका, तू जेवला का?" चर्चभर हसू. पोरं त्याला बघून पळायची, बाया कपडे वाळत घातलेले काढून घ्यायच्या. पहिल्याच रविवारी आईनं अळूच्या पानांत नारळाच्या दुधातलं मांस बांधून भट्टीतनं निघाल्या निघाल्या त्याच्याकडं नेलं. दुसऱ्या रविवारी तो स्वतःच दारात उभा. "मावशी, तू आज काय केलं?" तेव्हापासून सहा वर्षं दर रविवारी. त्याची आजी गेली तेव्हा त्या घराशी कुणाचं धड नव्हतं, कुणी चटया आणल्या नाहीत, म्हातारी नुसत्या चादरीवर होती. आईनं आपली गादी उचलली आणि ती चटई काढली.

तोआकासेनं तिला सगळ्यांसमोर झापली. "मेलिआमे, आता तुझ्याखाली काय घालायचं? नारळाच्या झावळ्या?"

"झावळ्या काय वाईट," आई म्हणाली. "मला काय टोचणार आहेत तेव्हा?"

तोआकासे म्हणजे आईच्या आत्याची मुलगी. तिच्याबद्दल पुढं सांगायचंच आहे.

मी या वर्षी तिसऱ्यांदा ऑस्ट्रेलियाला गेले होते, टोमॅटोच्या मळ्यावर, नऊ महिन्यांसाठी. आई दर रविवारी उपासनेनंतर फोन करायची. कोण आलं, कोण नाही, कोणाच्या टोपीवर पक्षी बसल्यासारखं काय होतं, सगळं सांगायची. शेवटच्या रविवारी म्हणाली, "फाने, कधी येतेस?"

"सांगितलंय ना आई. नोव्हेंबर."

"नोव्हेंबर लांब आहे गं."

मी कपडे धुवायच्या रांगेत उभी होते. पंचवीस बायकांना दोन मशीन, माझा नंबर आलेला, मागची बाई ढकलत होती. मी म्हटलं, "तेच तेच काय विचारतेस? मी काय इथं मजा मारायला आलेय? ठेव आता." ती बरं म्हणाली.

तिच्या पोटात गाठ होती आणि तिला ते चार महिन्यांपासून ठाऊक होतं. लिसिआतेलाही ठाऊक होतं. तिनं त्याच्याकडनं बायबलवर हात ठेवून वचन घेतलं होतं की फानेला सांगायचं नाही, ती काम सोडून येईल. बुधवारी पहाटे ती गेली. मला लिसिआतेच्या बायकोनं फोन केला तेव्हा मी टोमॅटोच्या ओळीत होते आणि मी आधी म्हटलं, कोण मेलिआमे?

त्यानंतर मला एकच पाहिजे होतं. आपण सगळे शेवटी जवळ जातो, वाकतो, गालाचा मुका घेतो, तसा घ्यायचा आणि तिच्या कानात म्हणायचं, आई, चुकलं माझं. तीन विमानं बदलताना मी तेवढंच घोकत होते. रविवारी आपल्यात माती देत नाहीत, म्हणून शनिवारी दुपारी एकची वेळ ठरली होती. मी शनिवारी सकाळी नऊला बेटावर उतरले. चार तास होते.

परदेशात जन्मलेल्या आपल्या पोरांसाठी सांगते, मोठ्यांनी वगळावं. मयताच्या आत्याच्या घरचा मान सगळ्यात वरचा. त्या घरची बाई उशाशी बसते आणि कोणी जवळ यायचं, कोणी नाही, ते तीच ठरवते, पाळकसुद्धा तिच्यापुढं बोलत नाहीत. आणि मेलेली बाई ज्यांची बहीण किंवा आत्या, म्हणजे तिचे भाऊ आणि भावांची पोरं, ते सगळ्यात खाली. त्यांनी फाटकी चटई बांधायची, मागं चुलीवर राबायचं, मयताजवळ यायचं नाही. आजकाल बरीच घरं सैल सोडतात. उशाशी तोआकासे होती. तोआकासे सोडत नाही.

मी दारात गुडघ्यावर बसले. आत बायकांच्या पाठीच पाठी, काळे कपडे. पलीकडं उशाशी तोआकासे पंख्यानं वारा घालत होती. मला तिचं डोकं आणि तो हलणारा पंखा दिसत होता, खाली काही दिसत नव्हतं.

"तोआकासे मावशी, मी आले."

पंखा थांबला नाही. "मावशी कुणाची? मी तुझी आत्या."

"मावशी, मी तिची—"

"तू केपूची. प्रवासानं दमली असशील. मागं चहा आहे, पी आणि चुलीला लाग. तुझी चटई ठेवलीय बाजूला."

"मला एकदा तोंड बघू द्या. एकदाच. मी लगेच मागं जाते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावलेली नव्हती, ते मी खरं सांगते. तिचे डोळेही सुजलेले होते, तीन दिवस ती तिथनं हलली नव्हती. म्हणाली, "पोरी, मी तुझ्याशी वाईट वागत नाहीये. तुझ्या आत्याचा मान आहे हा. तू अशी दारात बसून वाद घातलास तर लोक काय म्हणतील? मेलिआमेनं भावाच्या पोरीला वळण लावलं नाही. तिच्या मयताच्या दिवशी म्हणायला लावायचंय का?"

मी उठले, मागं गेले, चटई बांधली. एवढी मोठी आणि एवढी फाटकी होती की चालताना तिचे धागे मातीत ओढत होते.

मागं दोन भट्ट्या होत्या, जमिनीत खणलेल्या. एक उघडून झाली होती, दुसरी झाकलेली. केपूमामा खालच्या लाकडी खवणीवर बसून नारळ खवत होता. भाऊ म्हणून त्यालाही आत मज्जाव, तोही तीन दिवस तिथंच. पासष्ट वर्षांचा माणूस, राखेनं पाय काळे, माझ्याकडं बघून हसायला गेला आणि जमलं नाही. अळूची पानं पुसत चार-पाच बायका बसल्या होत्या. सितालेकी लाकडं फोडत होता.

"फाने! तू भेटली मावशीला?"

"नाही. मला जाता येत नाही."

"का?"

पानं पुसणाऱ्या एका बाईनं त्याला सांगितलं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "थांब. मी सकाळी आत गेलो. मुका घेतला. मी तिचा कोण?"

"कोणी नाहीस."

"मी कोणी नाही, म्हणून मी जातो. ही पोरगी, म्हणून ही नाही?"

"आता समजलं तुला," बाई म्हणाली.

"हे कसलं डोकं! अमेरिकेत तुरुंगात पण शेवटचं भेटू देतात."

"मग जा की परत तिकडं."

"गेलो असतो. ते घेत नाहीत." सगळ्या हसल्या, तोही हसला. मला वाटलं त्याला विचारावं, कशी दिसते ती. मग नाही विचारलं. म्हटलं, मी स्वतःच बघणार आहे. मला अजून तसं वाटत होतं.

अकराच्या सुमाराला लिसिआते आला. भाऊबहीण आपल्यात समोरासमोर उभे राहून बोलत नाहीत, एका अंगावरची असलो तरी आम्ही कधी बोललो नाही. तो भट्टीकडं पाठ करून उभा राहिला आणि केळीच्या झाडाला सांगितल्यासारखं बोलला.

"मी तोआकासे मावशीला पाया पडून विचारलं. ती म्हणते, एक वाट आहे. केपूमामानं दारापाशी यावं. सगळ्यांसमोर म्हणावं की पोर मी बहिणीला पूर्ण देऊन टाकली, माझं तिच्यावर काही उरलं नाही. मग फाने आईची मुलगी म्हणून आत येईल. भावाची म्हणून नाही." त्यानं केळीचं एक वाळकं पान ओढून काढलं. "बारा वाजता पेटीचं झाकण लावणार आहेत. त्याच्या आत म्हणावं."

आणि तो गेला. सगळ्या केपूकडं बघायला लागल्या. तो नारळ खवत होता.

"मामा," मी म्हटलं, "ऐकलंस ना?"

खर्र खर्र चालूच.

"मामा, दोन वाक्यं आहेत. मी तुला धरून नेते."

"माझे पाय बघ कसे आहेत. असा कसा जाऊ?"

"आत नाही जायचं. दारातनं म्हणायचं."

"हा नारळ संपू दे."

नारळ संपला. त्यानं दुसरा घेतला.

सितालेकी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. "म्हातारा, तू ऊठ. मी खवतो."

"तू लाकडं फोड," केपू म्हणाला. मग त्यानं हातातली वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "मी काय म्हणायचं सांग. ही माझी नाही. हेच ना? पाळक ऐकणार, गाव ऐकणार. मग तू जाणार परत टोमॅटोला. आणि माझ्या घरी कोण? मला दुसरं कोण आहे?"

"मामा, तुला कोण टाकतंय? मी येईन ना."

"कोण म्हणून येशील? भाची म्हणून?" त्यानं ओले हात मांडीला पुसले. "चार दिवसांची दिली मी तुला. पूर्ण देतोस का अर्धी, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मेलिआमे म्हणाली दे, मी दिली. मला वाटलं, मोठी झाली की पाठवील. एक्केचाळीस वर्षं मामा मामा ऐकलं. माझं डुक्कर ओढून नेलंस, मी हसलो. बापाचं डुक्कर कुणी असं नेतं का? मामाचं नेतात. आता ती नाही. आता तरी—"

"हा वाद उद्या घाल," मी म्हटलं. "आज मला तिचं तोंड बघायचंय."

"मलाही बघायचंय," केपू म्हणाला. "माझी बहीण आहे ती. मला कोण विचारतंय?"

पानं पुसणाऱ्या बायकांनी पुसलेलीच पानं पुन्हा पुसायला घेतली. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. मला त्याला खवणीवरनं ओढून दारापर्यंत फरफटत न्यावंसं वाटलं. मी बसले. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, मळ्यावरचं, मी ते बघत होते. साडेअकरा. पावणेबारा. केपू उठला, मला वाटलं चालला, पण तो दुसरी भट्टी उघडायला गेला. वरची माती ओढली, ओली पोती काढायला लागला.

"ऊठ," सितालेकी मला म्हणाला. "मेलिआमे मावशीनं मला तिच्या घरात घेतलं होतं, आता मी तुला आत नेतो. तू माझ्या मागं चल. मला बघून सगळे बाजूला होतात."

"लोक काय म्हणतील?"

"मला रोज म्हणतात. माणूस मरत नाही."

मी उठले. खरंच उठले. बाजूच्या दाराशी पाळकांची बायको बसली होती, तिनं आम्हाला येताना पाहिलं, आणि गुडघा सरकवला, एक माणूस जाईल एवढी जागा केली. मला पेटीतल्या झाडाच्या सालीच्या कापडाची कड दिसली, तपकिरी नक्षीची, आणि त्यावर पांढरी बाही. आईची चर्चची बाही. फार तर सहा पावलं राहिली होती.

मागनं केपू ओरडला.

मी वळून पाहिलं तर तो भट्टीच्या काठावर आडवा, डावा हात कोपरापर्यंत तापल्या दगडांवर. बायका किंचाळल्या. तिथं सात-आठ माणसं होती, कुणीही धरलं असतं. सितालेकी धावलाच होता. पण माझे पाय वळले. मी विचार केला नाही, पायच वळले, मी धावले, त्याला ओढला, टाकीच्या नळाखाली हात धरला, कातडी माझ्या बोटांना लागून आली. तो दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून होता. सोडेना. "फाने, फाने," करत होता. मी म्हणत होते, सोड मामा, सोड, एकच मिनिट सोड. तो सोडेना.

तेवढ्यात घरातनं बायकांचं रडणं एकदम वर चढलं. ते कशानं चढतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. झाकण लावलं.

सितालेकी माझ्यापुढं उभा राहून म्हणाला, "तू वळली कशाला? मी होतो ना! मी होतो!" आणि तो रडायला लागला, मी नाही.

केपू म्हणतो पाय घसरला. ओली पोती होती, घसरला असेल. त्यानं मुद्दाम केलं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. हो म्हणाला तर मला त्याला मारावं लागेल आणि नाही म्हणाला तर मला खरं वाटणार नाही.

चर्चमध्ये पेटी नेली. कबरस्तानात नेली. आम्ही खालचे सगळ्यात मागं. मला माणसांच्या डोक्यांवरनं पेटीचा एक कोपरा दिसला, मग तोही खाली गेला. सगळे गात होते आणि खालचा सूर विस्कळीत लागत होता, तो तिचा होता, तो धरायला कुणी नव्हतं. वाळू टाकली. मी घरी आले आणि भांडी घासली, कारण खालच्यांनी भांडी घासायची असतात.

आता गावात बायका कौतुकानं म्हणतात, "फाने आईवरच गेली. आपलं सोडून म्हाताऱ्याकडं धावली." मला ते ऐकवत नाही. लहानपणी बूट गेले तेव्हा मी ठरवलं होतं की मी हिच्यासारखी होणार नाही, आणि मी झालेही नव्हते, लोकांना विचारा, मी कुणाला काही देत नाही. एकदाच झाले. तेही कुठल्या मिनिटाला.

दहाव्या दिवशी तोआकासेनं आम्हा खालच्यांचे केस कापले, रीतीप्रमाणं. माझी वेणी कमरेपर्यंत होती. तिनं ती हातात घेतली, वजन केल्यासारखी धरली, आणि हळूच म्हणाली, "शांत होतं गं तिचं तोंड. कपाळावरची आठीसुद्धा गेली होती."

"सांगू नका तुम्ही," मी म्हटलं. "जे बघू दिलं नाही ते सांगू नका."

तिची कात्री थांबली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मी चुकले असं मी म्हणू शकत नाही, पोरी. मी म्हटलं तर उद्या काहीच राहणार नाही." आणि वेणी कापली.

पाळकांकडं मी कागद घेऊन गेले होते. म्हटलं, अपत्य एकच्या जागी दोन करा. ते भले आहेत, त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, आता वहीत चढलं, मोठ्या चर्चला गेलं, आणि केपू तर म्हणतो मी हक्क कधी सोडला नाही, मग मी काय लिहू? देवाला ठाऊक आहे, म्हणाले. देवाला असेल. मला तिला सांगायचं होतं.

मी रोज तिच्या मातीपाशी जाते. आई, चुकलं माझं, असं म्हणते. मोठ्यानं म्हणून बघितलं, हळू म्हणून बघितलं. वाळूशी बोलल्यासारखं वाटतं. प्रार्थनेच्या बायका म्हणतात ती ऐकते. त्यांना तसं वाटतं कारण त्यांनी तिला बघितलंय, मुका घेतलाय, त्यांचं तिच्याशी बोलून झालंय. माझं झालं नाही, आणि आता होणार नाही, आणि हे कुठं घेऊन जायचं ते मला कुणी सांगत नाही. मळ्यावरनं निरोप आलाय, येतेस की तुझी जागा दुसरीला देऊ. मी काही कळवलेलं नाही.

मी केपूच्या घरी राहतेय. त्याचा हात पिकलाय, पट्टी दिवसातनं दोनदा बदलावी लागते, दुसरं करणारं कोणी नाही. तो हात पुढं करतो, मी पट्टी सोडते, तो तोंड फिरवतो. मी त्याला मामा म्हणत नाही आता, दुसरंही काही म्हणत नाही. काल तो भिंतीकडं बघत म्हणाला, "मी म्हणणार होतो गं. खरंच म्हणणार होतो. तो नारळ संपला की."

मी पट्टी बांधत होते. जरा घट्ट बसली, तो कण्हला. मी सैल केली नाही.